तीन पक्षी आणि इंदूरचे न बांधलेले मंदिर

एक छोटे मंदिर. आत एका वेळी एकच माणूस. दार नाही, खिडकी नाही. जायचे ते जमिनीखालच्या वाटेने. मधोमध पाण्याचे चौकोनी कुंड, त्याच्या तीन बाजूंना माणसाच्या उंचीचे तीन पक्षी – एक ब्राँझचा, एक पांढऱ्या संगमरवराचा, एक काळ्या. छताला एक झरोका. ठरावीक वेळी त्यातून ऊन उतरेल आणि ब्राँझचा पक्षी पेटून उठेल.

हे मंदिर इंदूरला, होळकरांच्या माणिकबाग राजवाड्याच्या आवारात व्हायचे होते. पक्षी तयार झाले, विकत घेतले गेले, इंदूरला पोहोचले. पाठोपाठ एकसष्ट वर्षांचा शिल्पकारही पॅरिसहून समुद्रमार्गे आला. मंदिर मात्र झाले नाही. आज काळा आणि पांढरा पक्षी ऑस्ट्रेलियात आहेत, ब्राँझचा कॅलिफोर्नियात, आणि याच मंदिरासाठी कोरलेली लाकडी मूर्ती न्यूयॉर्कमध्ये.

शिल्पकाराचे नाव कॉन्स्टन्टिन ब्रांकुशी. आधुनिक शिल्पकलेचा इतिहास त्याच्यावाचून सांगताच येत नाही, असा माणूस. बहुतेक लेखांत इंदूरची गोष्ट चार ओळींत उरकली जाते: राजा लहरी होता, कलावंत स्वप्नाळू होता, योग आला नाही. मला हे उत्तर पटत नाही. इंदूरला निघाला त्याच वर्षी, १९३७ मध्ये, त्याच माणसाने, त्याच्या मायदेशात तीस मीटरला टेकलेला एक लोखंडी खांब उभा करून दाखवला होता. मग इंदूरलाच काय अडले, हा या प्रकरणाचा प्रश्न आहे.

होबित्साहून पॅरिसला

ब्रांकुशीचा जन्म १९ फेब्रुवारी १८७६ चा. रुमानियातल्या गोर्ज भागात, कार्पेथियन डोंगरांच्या पायथ्याशी होबित्सा नावाचे खेडे आहे. घर शेतकऱ्याचे, लहानपण मेंढ्यांमागे गेलेले. त्या भागात लाकडावरचे कोरीवकाम घरोघरी असते: ओसरीचे खांब, अंगणाचे दरवाजे, चमचे, पेट्या. हे लक्षात ठेवायला हवे, कारण पुढे पॅरिसमध्ये 'अमूर्त' म्हणून गाजलेले त्याचे कितीतरी आकार पाहताना गावची ओसरी आठवल्याशिवाय राहत नाही.

अकराव्या वर्षाच्या आसपास त्याने घर सोडले. क्रायोव्हा शहरात खानावळीत, दुकानात नोकऱ्या केल्या. तिथे त्याने खोक्याच्या फळ्यांतून एक व्हायोलिन बनवले आणि ते पाहून कुणा भल्या माणसाने त्याला कला-कारागिरीच्या शाळेत घातले, असे सांगतात. तिथून बुखारेस्टची कलाशाळा. डॉक्टर गेरोता यांच्या मार्गदर्शनाखाली त्याने कातडी काढलेल्या मानवी देहाचा असा पुतळा केला की तो शरीररचना शिकवायला वापरला गेला. हुबेहूब करणे त्याला जमत नव्हते म्हणून तो साध्या आकारांकडे वळला, असे ज्यांना वाटते त्यांनी हा पुतळा एकदा पाहावा. एकेक स्नायू जागच्या जागी आहे.

मग तो पॅरिसला निघाला, बराचसा रस्ता पायी. बुडापेस्ट, व्हिएन्ना, म्युनिक करत १९०४ च्या उन्हाळ्यात पोहोचला. खानावळीत भांडी घासली, रुमानियन चर्चमध्ये प्रार्थनागीते गायली, आणि सरकारी कलाशाळेत शिकला. १९०७ मध्ये थेट नामांकित फ्रेंच शिल्पकार रोदँच्या कारखान्यात, म्हणजे स्टुडिओत, काम मिळाले. त्या काळी तरुण शिल्पकाराला याहून मोठे दार नव्हते, पण तो महिना-दोन महिन्यांतच बाहेर पडला. मोठ्या झाडाच्या सावलीत काही उगवत नाही, हे त्याचे वाक्य तेव्हापासून प्रसिद्ध आहे.

रोदँकडची रीत अशी होती की गुरू मातीत घडवणार आणि दगडात उतरवायचे ते मदतनिसांनी. ब्रांकुशीने ते उलटे केले. दगड समोर घ्यायचा आणि थेट छिन्नी लावायची. 'चुंबन' हे शिल्प त्याच सुमारास झाले: दगडाच्या एकाच ठोकळ्यात दोन माणसे, हात एकमेकांभोवती, आणि ठोकळ्याचा चौकोनीपणा शेवटपर्यंत न मोडलेला.

१९१६ पासून तो इंपास राँसँ या बोळातल्या कारखान्यात राहू लागला आणि अखेरपर्यंत त्याच बोळात राहिला. भट्टी स्वतः बांधलेली, टेबल स्वतः केलेले, स्वयंपाक स्वतःचा, पायांत लाकडी खडावांसारखे जोडे. पॅरिसच्या मध्यावर एक होबित्सा. फ्रान्सचे नागरिकत्व त्याने १९५२ मध्ये घेतले, म्हणजे अठ्ठेचाळीस वर्षे तो तिथे परदेशी म्हणून राहिला.

पक्षी

सुरुवात झाली १९१० च्या सुमारास 'माइआस्त्रा'पासून. रुमानियन परीकथांतला हा जादूचा पक्षी. त्या पहिल्या पक्ष्याला मान आहे, चोच आहे, फुगलेली छाती आहे. पुढची तीस वर्षे ब्रांकुशी त्यातून एकेक गोष्ट काढत गेला. आधी पाय गेले, मग चोच, मग पंखांची खूण. १९२३ मध्ये जे उरले त्याला 'अवकाशातील पक्षी' म्हणतात: खाली निमुळता घोटा, वर हळूच भरत जाणारे अंग, आणि टोकाला तिरका छेद. या आकाराच्या त्याने सात संगमरवरी आणि नऊ ब्राँझच्या आवृत्त्या केल्या. त्यातली एकही दुसरीची नक्कल नाही. उंची, फुगवटा, घोट्याची जाडी प्रत्येक वेळी थोडी बदललेली.

ब्राँझचा पक्षी कसा होतो ते जरा जवळून पाहू, कारण इंदूरचा पहिला पक्षी ब्राँझचाच होता. फाउंड्रीतून ओतीव तुकडा येतो तेव्हा तो काळपट, खरबरीत असतो. अंगावर साच्याच्या शिवणी असतात, हवेचे बुडबुडे अडकून पडलेली छिद्रे असतात. बहुतेक शिल्पकारांचे काम इथे संपत आलेले असते; ब्रांकुशीचे इथे सुरू होई. आधी छिद्रे बुजवायची. मग कानस, तीही हाताने. वक्रावर कानस चालवताना हात एका जागी जरा जास्त रेंगाळला की तिथे सपाट डाग पडतो. डोळ्याला तो लगेच दिसत नाही, पण पॉलिश केल्यावर प्रकाश तिथेच अडखळतो. म्हणून पूर्ण उंचीवर एकाच ओघात हात फिरवायचा, पुन्हा पुन्हा, आठवडेच्या आठवडे. कानशीनंतर एमरी, म्हणजे घासायची कठीण पूड, आधी भरड, मग बारीक, मग अगदी बारीक. शेवटी धातूचा आरसा होतो. खोली त्यात वाकून दिसू लागते आणि पक्ष्याची कडा कुठे संपते हे सांगता येईनासे होते. ब्राँझचा पक्षी उडाल्यासारखा वाटतो त्यामागे ही कानशीची मेहनत आहे.

पांढरा संगमरवर प्रकाश आत घेतो आणि मऊ होतो. काळ्याच्या कडेवर प्रकाशाची एकच रेघ उभी राहते. मंदिरात तिन्ही एकत्र का हवे होते ते इथे कळते: एकच आकार, पण उजेडाशी तिघांचे वागणे तीन तऱ्हांचे.

जकात

इंदूरकडे येण्याआधी न्यूयॉर्कला जावे लागते. १९२६ मध्ये छायाचित्रकार एडवर्ड स्टायकेन यांनी विकत घेतलेला ब्राँझचा एक पक्षी इतर शिल्पांबरोबर अमेरिकेत पोहोचला. कलाकृतीला तिथे आयात शुल्क नव्हते. पण जकात अधिकाऱ्यांनी पेटी उघडली आणि साडेचार फुटांच्या त्या चकचकीत वस्तूला शिल्प मानायला नकार दिला. स्वयंपाकघरातली भांडी आणि रुग्णालयाचे सामान या वर्गात टाकून ४० टक्के जकात लावली.

ब्रांकुशीच्या वतीने दावा दाखल झाला. आधीच्या एका निकालानुसार शिल्प म्हणजे निसर्गातल्या वस्तूचे अनुकरण, आणि अडचण हीच होती. न्यायाधीशांनी स्टायकेनना विचारले, जंगलात हा दिसला तर तुम्ही याच्यावर बंदूक रोखाल का? स्टायकेन नाही म्हणाले. शिल्पकार जेकब एपस्टाइन यांनी कोर्टात प्राचीन इजिप्तचा एक दगडी ससाणा आणून ठेवला: पंख नाहीत, पाय नाहीत, तरी हजारो वर्षे लोक याला ससाणाच म्हणत आले आहेत. ब्रांकुशीची साक्ष पॅरिसमध्ये लिहून घेतली गेली, आणि त्यात त्याने सांगितले ते हेच कानशीचे आणि एमरीचे काम. यंत्राने झालेली वस्तू नव्हे, माझ्या हाताची आहे, हे सिद्ध करण्यासाठी.

नोव्हेंबर १९२८ मध्ये निकाल त्याच्या बाजूने लागला. कलेची एक नवी शाखा निर्माण झाली आहे. तिच्याशी आपण सहमत असू वा नसू, ती आहे याची दखल घ्यावी लागते, असा न्यायालयाच्या म्हणण्याचा आशय होता.

त्याच साली, जून १९२८ मध्ये पुण्यात शिल्पकार करमरकरांनी घडवलेला छत्रपती शिवाजी महाराजांचा भव्य अश्वारूढ पुतळा उभा राहिला. घोड्याची शीर न् शीर जिवंत वाटावी असे ते काम आहे आणि त्याबद्दलचा आपला अभिमान रास्तच आहे. पण आपल्याकडे तेव्हा शिल्प म्हटले की डोळ्यांसमोर काय येई, ते यातून कळते. अशा काळात एका मराठी राजघराण्यातल्या तरुणाने बिनचोचीचे, बिनपंखांचे तीन पक्षी मागवले, याचे मोल मला फार वाटते.

यशवंतराव

यशवंतराव होळकर दुसरे, जन्म १९०८. वडील तुकोजीराव तिसरे यांना मुंबईच्या मलबार हिलवरील बावला खून प्रकरणानंतर १९२६ मध्ये गादी सोडावी लागली, आणि सतरा-अठरा वर्षांचा मुलगा महाराज झाला. शिक्षण इंग्लंडात, पूर्ण अधिकार १९३० मध्ये. पत्नी संयोगिताराणी कागलच्या घाटगे घराण्यातल्या.

ऑक्सफर्डला असताना त्यांची ओळख एकार्ट मुथेसियस या तरुण जर्मन वास्तुरचनाकाराशी झाली. १९३० ते १९३३ या काळात मुथेसियसने इंदूरला माणिकबाग बांधला. त्यात कमानी, घुमट, सोनेरी नक्षी असे राजवाड्याचे काहीच नव्हते. सरळ रेषा, धातूच्या चौकटी, वातानुकूलन. रुलमान, आयलीन ग्रे, ले कॉर्ब्युझिए यांचे फर्निचर. दा सिल्व्हा ब्रून्सचे गालिचे. युरोपातही असे पूर्ण घर त्या काळी शोधून सापडले नसते. इंदूरला मात्र देवळालीकर मास्तरांचे कलाविद्यालय १९२७ पासून चालू होते, तिथून चित्रकार बेंद्रे शिकून गेले होते, हुसेनही तिथलेच विद्यार्थी. शहराला चित्रकलेचे वावडे मुळीच नव्हते. पण माणिकबागेच्या भिंतींआड काय आले आहे ते शहरापर्यंत पोहोचले नाही, आणि ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरते.

महाराजांना ब्रांकुशीच्या दारात नेले ते आंरी-पिएर रोशे यांनी. रोशे लेखक, संग्राहक, आणि या माणसाचा त्या माणसाशी सांधा जुळवून देण्यात वाकबगार. ब्रांकुशीचा सर्वांत मोठा ग्राहक, न्यूयॉर्कचा वकील जॉन क्विन, १९२४ मध्ये वारला तेव्हा त्याच्याकडची शिल्पे एकदम बाजारात येऊन भाव कोसळेल अशी वेळ आली होती. रोशे आणि कलावंत मार्सेल ड्यूशाँ यांनी ती शिल्पे स्वतः विकत घेऊन ते संकट टाळले. म्हणजे ब्रांकुशीची रोजीरोटी मोजक्या दोन-चार माणसांच्या आस्थेवर उभी होती, आणि क्विनच्या जागी आता इंदूरचे महाराज आले होते.

आधी ब्राँझचा पक्षी घेतला गेला. मग काळा आणि पांढरा. १९३६ पर्यंत दोन्ही संगमरवरी पक्षी पूर्ण झाले होते. पक्ष्यांसाठी जागा हवी, या बोलण्यातून मंदिराची कल्पना वाढत गेली. ब्रांकुशी त्याला मुक्तीचे मंदिर म्हणे. तिबेटी योगी मिलारेपाचे चरित्र फ्रेंचमध्ये आले तेव्हापासून ते त्याच्या उशाशी असे; भारत त्याच्या मनात बरीच वर्षे होता. कुंडाच्या चौथ्या बाजूसाठी त्याने ओकच्या लाकडात सुमारे तीन मीटर उंचीची मूर्ती कोरायला घेतली, 'बुद्धाचा आत्मा'. पुढे तिचे नाव 'राजांचा राजा' झाले.

हे मंदिर म्हणजे राणीच्या स्मरणार्थ बांधायचा दुसरा ताजमहाल होता, अशी एक हळवी कथा सांगितली जाते. तारखा तिच्या बाजूने नाहीत. संयोगिताराणी १९३७ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये वारल्या, अवघ्या विशीत. पक्षी त्याआधीच घेतले गेले होते, मंदिराचे बोलणेही त्याआधीचे. त्यांच्या जाण्याने मंदिराला अर्थ मिळाला असेल. बळ मात्र मिळाले नाही, उलट होते ते गेले.

मराठी वाचकाला या आराखड्यात परके वाटावे असे फारसे काही नाही. वाकून शिरायचा अंधारा गाभारा आपल्या पायाखालचा आहे. ठरल्या दिवशी मूर्तीवर ऊन यावे हे कोल्हापूरकराला किरणोत्सवामुळे ठाऊक आहे. समोरचे पाणी, एकट्याने उभे राहणे, हेही. फरक एवढाच की मूर्तीच्या जागी एक आकार होता आणि त्याच्यापुढे मागायचे काहीच नव्हते. आणि हे होणार होते होळकरांच्या घरी, ज्या घरच्या अहिल्याबाईंनी १७८० मध्ये काशी विश्वनाथाचे देऊळ पुन्हा उभे केले, देशभर घाट आणि देवळे बांधली. बांधणे या घराण्याच्या रक्तातच होते.

त्याच वर्षीचा खांब

आता १९३७ चा उन्हाळा, रुमानिया. होबित्सापासून जवळच तिर्गू जिऊ हे गाव आहे. १९१६ मध्ये जिऊ नदीवर जर्मन फौजेला अडवताना पडलेल्या सैनिकांचे तिथे स्मारक करायचे होते. पुढाकार गोर्ज भागातल्या महिला संघटनेचा होता आणि तिच्या प्रमुख होत्या पंतप्रधानांच्या पत्नी अरेतिया तातारेस्कू. ब्रांकुशीने मानधन घेतले नाही.

'अनंत स्तंभ' त्याने आधी लाकडात, माणसाच्या आवाक्यातल्या उंचीत करून पाहिला होता. आता तोच २९ मीटरच्या वर न्यायचा होता, लोखंडात. दोन निमुळते भाग रुंद बाजूने जोडल्यासारखा एक मणका. रुंदी ४५ सेंटिमीटरपासून ९० पर्यंत वाढत जाते, उंची १८० सेंटिमीटर. एकास दोन, दोनास चार. असे पंधरा पूर्ण मणके एकावर एक, खाली-वर अर्धवट तुकडा, म्हणजे मालिका कुठे सुरू होत नाही आणि कुठे संपत नाही.

हे कागदावर सोपे आहे. वाऱ्यात ते उभे कसे राहणार, हा प्रश्न श्टेफान जॉर्जेस्कू-गोर्जान या अभियंत्याने सोडवला. पेत्रोशानच्या खाणकाम कार्यशाळेची सूत्रे त्याच्याकडे होती. त्याने जमिनीत काँक्रीटचा पाया रोवला, त्यातून पोलादी कणा उभा केला आणि बिडाचे पोकळ मणके मण्यांसारखे वरून त्यात ओवले. पहिल्या मणक्याचा लाकडी नमुना ब्रांकुशीने स्वतः कोरून दिला. ओतकाम कार्यशाळेत झाले. नोव्हेंबर १९३७ पर्यंत खांब उभा होता, पितळी लेप पुढच्या वर्षी चढला आणि २७ ऑक्टोबर १९३८ ला स्तंभाचे आणि याच स्मारकातल्या 'मौनाचे टेबल', 'चुंबनाचे दार' या शिल्पांचे उद्घाटन झाले.

स्तंभ उभा राहिला त्याच सुमारास ब्रांकुशी भारताच्या वाटेला लागला. स्वप्नाळूपणाचा आरोप मला मान्य होत नाही तो याचसाठी. बोटीवर चढणाऱ्या या माणसाने नुकताच एक खांब शेवटच्या मणक्यापर्यंत बसवून घेतला होता. बांधकाम म्हणजे काय हे त्याला ताजे ठाऊक होते.

जानेवारी १९३८

इंदूरला काय घडले हे सांगायला फार शब्द लागत नाहीत. महाराज पत्नीच्या दुःखातून सावरलेले नव्हते, प्रकृतीही ठीक नव्हती. बसून आराखडा ठरवावा, जागेवर दोरी धरून आखणी करावी, अशी वेळ आलीच नाही. ब्रांकुशी काही आठवडे पाहुणा म्हणून राहिला आणि जानेवारीतच मुंबईहून बोटीने परत निघाला. पक्षी राजवाड्यात होते. मंदिराचा एक दगडही रचला गेला नव्हता.

त्याच साली महाराजांनी एका अमेरिकन स्त्रीशी विवाह केला. पुढच्या वर्षी युरोपात युद्ध पेटले. १९४८ मध्ये इंदूर संस्थान मध्य भारतात विलीन झाले आणि राजाच्या एका शब्दावर मंदिर बांधले जाण्याचा काळच संपला.

कुठे अडले

दोन्ही कामे शेजारी ठेवली की उत्तर बरेचसे दिसते.

तिर्गू जिऊला जागा ठरलेली होती, दिवस ठरलेला होता. मागे एक संघटना होती. तिच्यातली एक व्यक्ती आजारी पडली असती तर काम थांबले नसते. गावाला त्या स्मारकाची गरज होती, कारण पडलेले सैनिक त्यांच्याच घरचे होते. आणि मुख्य म्हणजे शिल्पकार आणि कारखाना यांच्यामध्ये उभा राहणारा एक माणूस होता. ब्रांकुशीच्या हाताच्या अंदाजाचे त्याने गणित केले, गणिताचे ओतकाम केले. सत्तेचा वरदहस्त होता हेही खरे. पंतप्रधानांच्या घरातून आलेला शब्द कार्यशाळेपर्यंत लवकर पोहोचतो. पण वरदहस्त इंदूरलाही होताच, आणि तो तर खुद्द राजाचा.

इंदूरच्या मंदिराला गोर्जान मिळाला नाही. मुथेसियससारखा बांधणारा महाराजांच्या ओळखीत होता, पण मंदिराचे बोलणे शिल्पकार आणि राजा या दोघांतच फिरत राहिले. ब्रांकुशीची पद्धतही या बाबतीत आड आली असे मला वाटते. तो कागदावर विचार करणारा नव्हता. दगड समोर असला की हात चाले. मंदिराच्या बाबतीत समोर दगड नव्हता, जमीन नव्हती, होती ती पत्रे आणि भेटी. कल्पना दर वेळी थोडी बदलत गेली. पक्ष्याच्या बाबतीत तीस वर्षे बदलत राहणे ही त्याची ताकद होती. मंदिराला कधीतरी पाया खणावा लागतो.

आणि ज्यांच्या शहरात ते व्हायचे होते त्यांना ते हवे होते का, हा प्रश्नच कुणी विचारला नाही. अहिल्याबाईंचे घाट रोज वापरात असतात. लोक त्यावर आंघोळ करतात, कपडे धुतात, दिवे सोडतात. माणिकबागेतले मंदिर एका वेळी एका माणसाचे, तेही राजवाड्याच्या आवारात. ते थांबले तेव्हा शहरात कुणाला चुकल्यासारखे वाटले नाही, कारण ते येणार आहे हेच शहराला कळलेले नव्हते. देवळालीकर मास्तरांच्या विद्यार्थ्यांपैकी चार-दोघे जरी त्या कामात ओढले गेले असते, तरी कल्पनेला पाय फुटायला मदत झाली असती असे मला राहून राहून वाटते.

यशवंतरावांना लहरी म्हणणे मात्र अन्यायाचे आहे. मागितलेले पक्षी त्यांनी घेतले, तिन्ही घेतले, त्यांचे पैसे दिले. पॅरिसमध्ये ब्रांकुशीच्या एका शिल्पाला पोलिसांनी प्रदर्शनातून हलवायला लावले होते, न्यूयॉर्कमध्ये दुसऱ्यावर भांड्याची जकात बसली होती. इंदूरहून त्याला ऑर्डर आली, आणि तीही एकाच आकाराच्या तीन शिल्पांसाठी पूर्ण इमारत अशी. एवढा विश्वास त्या काळात जगात दुसऱ्या कुणी त्याच्यावर टाकला नव्हता. एकोणतिसाव्या वर्षी विधुर झालेल्या माणसाला काही महिने सुचले नाही, यात लहर कसली?

नंतर

इंदूरहून परतल्यावर ब्रांकुशीने नवे फार थोडे केले. जुन्याच आकारांवर हात फिरवत राहिला. १९५१ मध्ये रुमानियाच्या कम्युनिस्ट राजवटीने त्याची शिल्पे भेट म्हणूनही नाकारली. त्या दशकात तिर्गू जिऊचा स्तंभ ट्रॅक्टर लावून पाडण्याचाही प्रयत्न झाला. गोर्जानचा पाया हलला नाही. पुढे ब्रांकुशीने आपला कारखाना, आतल्या सगळ्या वस्तूंसह, फ्रान्सला दिला. अट एवढीच की तो आहे तसा ठेवावा. १६ मार्च १९५७ रोजी तो वारला. १९९७ मध्ये पॅरिसच्या पाँपिदू कलाकेंद्रासमोर वास्तुरचनाकार रेन्झो पियानो यांनी बांधलेल्या वास्तूत तो कारखाना पुन्हा मांडला गेला. तिर्गू जिऊची शिल्पे २०२४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात आली.

लाकडातला 'राजांचा राजा' इंदूरला कधी निघालाच नाही. तो कारखान्यातच राहिला आणि १९५६ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात गेला. यशवंतराव १९६१ मध्ये मुंबईत वारले. माणिकबागेतले फर्निचर १९८० मध्ये मोनॅकोला लिलावात निघाले आणि जगभर पांगले. वास्तू उभी आहे. तिच्यात नंतर सीमाशुल्क आणि अबकारी खात्याचे कार्यालय आले.

ब्राँझचा पक्षी पासाडीनाच्या नॉर्टन सायमन संग्रहालयात आहे. काळा आणि पांढरा १९७३ मध्ये कॅनबेराच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयाने घेतले, जोडीनेच घेतले, आणि त्यांची ताटातूट अजून झालेली नाही.